फीत बांधलेली झाडं

पाट्यांचा टेम्पो जंगलाच्या फाटकापाशी थांबला, तेव्हा पाटीबाईचं अंग नुसतं आंबून गेलं होतं. पाट्यांना ओरखडा पडू नये म्हणून ती ड्रायव्हरशेजारी न बसता मागे, गठ्ठ्याला पाठ लावून बसली होती. रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला दातावर दात आपटत होते. तरी तोंडावर हसू होतं. अख्खा पावसाळा ज्याच्यापायी घातला, ते आज हातात आलं होतं.

पाटीबाई हे काही तिचं नाव नव्हे. तिचे वडील जंगलखात्याच्या कामावर मुकादम, पायवाटा साफ करणाऱ्या टोळीचे. त्या टोळीतल्या लंब्यानं हे नाव पाडलं. "एवढं शिकली, झाडांची पदवी घेतली, आणि करते काय तर झाडांच्या गळ्यात पाट्या अडकवते," असं तो म्हणायचा. झाडाच्या गळ्यात पाटी अडकवायची नसते, झाडाला खिळाही मारायचा नसतो, खांब वेगळा रोवायचा असतो, हे तिनं त्याला सतरा वेळा सांगितलं. त्यावर तो मान डोलवायचा आणि पुन्हा पाटीबाईच म्हणायचा. शेवटी घरात आईही तशी हाक मारायला लागली, तेव्हा तिनं नाद सोडला.

काम दिसायला पोरखेळ, पण करायला बसलं की घाम काढणारं. जंगलातून शाळेच्या मुलांनी, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी फिरावं अशी एक वाट खात्यानं आखली होती. त्या वाटेकडेची झाडंझुडपं धुंडायची, ओळखायची, पानं दाबून वाळवायची, कुठलं कधी फुलतं ते टिपायचं, आणि त्यातली मोजकी निवडून त्यांच्याबद्दल असं लिहायचं की चालणारा थांबला पाहिजे. चाळीस शब्दांच्या वर गेलं की माणूस पुढे सरकतो. त्यामुळे लिहिण्यापेक्षा खोडण्यातच तिचा जास्त वेळ जायचा. औषधी गुण तर मुळीच लिहायचे नाहीत, नाहीतर दुसऱ्या दिवशी झाडाची साल जागेवर नसते. पाटी पोराच्या डोळ्याच्या उंचीला हवी, जरा तिरकी, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही. जळवांनी तिचे पोटरीपर्यंत पाय फोडून काढले होते. गुडघे चिखलात टेकून टेकून त्यांची कातडी जाड झाली होती. हे सगळं तिनं आनंदानं केलं, कारण त्या वाटेवर बगळी होती.

बगळी हे तिनंच ठेवलेलं नाव. जमिनीवर उगवणारं वीतभर उंचीचं ऑर्किड. पावसाच्या शेवटी त्याला पांढरी फुलं येतात आणि ती अगदी पंख पसरलेल्या बगळ्यासारखी दिसतात. वाटेच्या वळणावर, एका मोठ्या दगडाच्या सावलीत त्याचा एवढासा पुंजका होता. सगळी वाट तिनं जणू त्या वळणासाठी लिहिली होती. आधीच्या सगळ्या पाट्या वाचत, थांबत, वास घेत माणूस तिथवर यावा आणि त्या फुलांपाशी त्याची बोलती बंद व्हावी, एवढंच तिच्या मनात होतं.

पहिली पाटी खांद्यावर घेऊन ती वाटेला लागली. चार पावलं गेल्यावर तिला वास आला. ताज्या तोडलेल्या हिरव्याचा, ओला, कडवट वास. तिला वाटलं, टोळीनं गवत काढलं असेल. उद्घाटन आठवड्यावर आलं होतं, वाट तर साफ व्हायलाच हवी होती.

मग तिनं पहिलं झुडूप बघितलं. म्हणजे झुडूप नव्हतंच. जमिनीलगत तिरका, स्वच्छ काप होता आणि त्यातून पांढरा चीक गळत होता. शेजारचं गवत गेलं होतं, पण गवतामागची रानटी झुडपं जशीच्या तशी उभी होती. पुढे गेली. ज्या वेलीला हात लावून पोरांनी तिचे काटे कुठल्या बाजूला वळलेत ते बघावं म्हणून तिनं पाटी केली होती, ती वेल गेली होती. शेजारच्या दुसऱ्या वेली मजेत डुलत होत्या. तिच्या लक्षात येईना. कोयत्यानं जणू तिचीच झाडं वेचून वेचून काढली होती. पाटी तिथेच टाकून ती वळणाकडे पळाली.

दगडाच्या सावलीत बगळीच्या जागी एक खड्डा होता. पहारीनं खणलेला, कडा नीट थापलेला.

वाटेच्या टोकाला तोडलेल्या पाल्याचे ढीग रचले होते. एका ढिगावर मुकादम बसला होता, मांडीवर कोयता घेऊन धार बघत होता. टोळी झाडाखाली आडवी झाली होती. तोडलेल्या फांद्यांना अजून तिच्या हातच्या निळ्या फिती बांधलेल्या होत्या.

"आलीस?" मुकादम म्हणाला. "बघ, कशी वाट केलीय. साहेब खूश होऊन गेले."

"बाबा, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"ही माझी झाडं होती. पाट्यांची. मी फिती बांधल्या होत्या यांना!"

मुकादमानं कोयता खाली ठेवला. "फिती बांधल्या होत्या म्हणूनच तर तोडली."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? ज्याला फीत, ते काढायचं. मोठ्या झाडाला रंगाचा पट्टा मारतात, बारक्याला पट्टा बसत नाही म्हणून फीत बांधतात. आम्हाला वाटलं गार्डानं बांधल्यात. दरसाल तोच बांधतो."

"मी रंग मारला नाही तो याचसाठी! रंग मारला तर तुम्ही तोडाल म्हणून मुद्दाम फीत बांधली!"

"मग विचारायचं नाहीस?"

"तुम्ही तरी विचारायचं! एवढी चांगली झाडं कशाला तोडायची, असं वाटलं नाही तुम्हाला?"

"अगं, जे ठेवायचं त्याला कुणी खूण करतं का?" मुकादमाचा आवाज चढला. "ठेवायचं ते सगळं जंगलच असतं. खूण असते ती काढायच्याला."

लंब्या उठून बसला होता. एरवी त्याची जीभ टाळ्याला लागत नसे, पण आता तो फक्त पायाचा अंगठा खाजवत होता. पाटीबाई ढिगावर चढली आणि दोन्ही हातांनी पाला उपसायला लागली. बगळीचा पुंजका तळाशी सापडला. पानं चिरडून काळी पडली होती, मुळांच्या गाठी चेंगरल्या होत्या. फुलं कुठली ते ओळखूही येत नव्हतं.

"ते तर मुळासकट काढलं," मुकादम म्हणाला. "तण असलं तर वरून कापून भागत नाही, पुन्हा येतं. मी स्वतः काढलं, पोरांच्या हातून नीट झालं नसतं."

तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडायचं कुणावर? त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. तिनंही तिचं काम चोख केलं होतं. एका घरात राहून, एका ताटलीतलं मीठ खाऊन, दोघांनी एकमेकांना कधी कामाचं चकार शब्दानं विचारलं नव्हतं. ती शिकायला बाहेर होती तेव्हा तो झाडं पाडायचा, म्हणून रंगाचा पट्टा तिला ठाऊक होता. मग तो वाटांच्या कामावर आला, तिथल्या फितींचं तिला काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही साहेबांनी बोलावलं. ऑफिसात पंखा गरगरत होता आणि टेबलावरची कागदं उडू नयेत म्हणून साहेबांनी त्यांवर चहाचा कप, टाचणयंत्र, मोबाइल, हाताला येईल ते ठेवलं होतं. मुकादम दाराशी उभा राहिला. तिला खुर्ची मिळाली. बाप उभा आणि आपण बसलेलो, हे तिला सारखं टोचत राहिलं.

तिनं सगळं सांगितलं. फिती मी बांधल्या, टोळीला कळवलं नाही, चूक माझी. तोडलेली झुडपं पुढच्या पावसात फुटतील. तोवर त्या पाट्या लावू नयेत, उरलेल्या झाडांवर मी नव्या लिहून देते. जरा मुदत द्या.

"मुदत?" साहेब म्हणाले. "पाहुणे ठरलेत. मंडप ठरलाय. पाट्या तयार आहेत ना?"

"आहेत. झाडं नाहीत."

"मग पाट्या लावा. बाई, लोक पाटी वाचतात, झाड कोण बघतंय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "झाडच नसेल तर पाटी कशाला वाचतील?"

"बरं, तुमचं राहू दे. काहीतरी हिरवं दिसलं पाहिजे एवढं मला कळतं." साहेबांनी दाराकडे बघितलं. "मुकादम, तुम्ही तोडलंत, तुम्हीच लावा. रोपवाटिकेतून फुलझाडं देतो. उद्घाटनाला प्रत्येक पाटीमागे झाड पाहिजे. नाही जमलं तर पुढच्या वाटेचं काम मी दुसऱ्या टोळीला देतो. आणि चूक तुमच्या मुलीची, असं तिनंच सांगितलंय, म्हणून एवढ्यावर सोडतोय."

मुकादम "होय साहेब" म्हणाला. बाहेर आल्यावर मात्र तिच्याकडे न बघता तो लांब ढांगा टाकत पुढे निघाला.

"बाबा, मी तुमचीच बाजू घेतली," ती मागून म्हणाली.

"कोणी सांगितलं होतं?" तो न थांबता म्हणाला. "एवढी वर्षं काम करतोय. माझी चूक असेल तर मी भोगीन, नसेल तर नाही म्हणेन. लेकीच्या पदराआड लपून सुटलो, हेच ऐकायचं राहिलं होतं."

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी ऊन वर यायच्या आत टोळी खांबांसाठी खड्डे घ्यायची. जमीन वरून सुकून दगड झालेली, पहार टाकली की हात झिणझिणायचे. पाटीबाई प्रत्येक खांब ओळंब्यानं बघायची, पाटी जरा तिरकी बसवायची, नट पिळायची. तिच्या तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. रोपवाटिकेतली फुलझाडं आली, लाल-पिवळी, कुंडीतून नुकतीच उपटलेली. रानटी वेलीच्या पाटीमागे ती उभी राहिली, तेव्हा लंब्यासुद्धा म्हणाला, "पाटीबाई, हे म्हणजे लग्न एकाचं आणि मांडवात दुसराच बसलाय." तिला हसूही आलं नाही. वाईट याचं वाटलं की तिला पाट्या लावायच्याच नव्हत्या, आणि तरीही त्या नीट बसाव्यात म्हणून ती जीव तोडून राबत होती.

मुकादम ते सगळं बघायचा आणि पहार टाकत राहायचा. जेवताना आई दोघांच्या मधे बसायची. ताटात वाढायची आणि एकाचा निरोप दुसऱ्याला द्यायची.

"तुझे बाबा विचारतात, वळणावर काय लावायचं?"

"काही नाही."

"अहो, ती काही नाही म्हणते."

"साहेब प्रत्येक पाटीमागे झाड म्हणालेत," मुकादम भिंतीकडे बघत म्हणाला. "तिथली पाटी तर सगळ्यात मोठी आहे."

"मग लावा ना तुमची लाल फुलं!" पाटीबाईनं ताट पुढे सरकवलं. "सगळीकडे प्लास्टिकसारखी लावलीतच, तिथेही लावा! बगळी काय रोपवाटिकेत मिळते? अख्ख्या जंगलात दोनच ठिकाणी होती ती. एक तुम्ही पहारीनं उपटली. आता त्या वरच्या पाणवठ्यामागे, कपारीत आहे तेवढीच. मी कुणाला सांगितलं नाही, अहवालातही लिहिलं नाही, लोक उपटून नेतील म्हणून. तेवढी उरलीय. बास. संपलं."

मुकादमाचा घास हातातच राहिला. "वरच्या पाणवठ्यामागे?" त्यानं विचारलं.

"हो."

"तिथे तर पाय ठेवायला जागा नाही."

"म्हणूनच उरलीय."

आई म्हणाली, "जेव आता. अन्नावर कशाला राग?" तिनं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. बोलून टाकल्यामुळे तिला जरा हलकं वाटलं होतं, एवढं खरं. बापाला निदान कळलं तरी, काय गेलं ते.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मुकादम टोळीबरोबर आला नाही. कपाळावर आठ्या घालून साहेब विचारत फिरत होते. लंब्यानं सांगितलं, पाठ धरलीय. पाटीबाईला ते खरंच वाटलं. तिनं त्याच्या वाटचे खांबही स्वतः ठोकले. वळणावरच्या पाटीमागचा खड्डा तिनं हातानं बुजवला, वर वाळका पाला पसरला आणि तिथे काही लावायचं नाही असं लंब्याला बजावलं. उद्या कुणी विचारलंच तर खरं सांगायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. इथे एक फूल होतं, ते आमच्याच हातून गेलं, आणखी कुठेतरी ते अजून आहे. एवढं तिला सांगता येणार होतं. रात्री उशिरा घरी आल्यावर, बाबा आत झोपलेत असं समजून ती आडवी झाली आणि त्या विचारावर तिला झोप लागली.

सकाळी ती लोकांच्या आधी वाटेवर पोचली. वळणावर आली आणि जागच्या जागी खिळली. दगडाच्या सावलीत बगळी फुलली होती. एक पुंजका नव्हे, अख्खा ताटवा. पांढरी फुलं वाऱ्यावर हलत होती. एक क्षण, फक्त एकच क्षण, तिचा ऊर भरून आला.

मुकादम दगडाला टेकून बसला होता. कोपरापासून मनगटापर्यंत हात सोललेले, गुडघ्यावर पँट फाटलेली, एक घोटा सुजून टम्म झालेला. हातात पाण्याचा तांब्या होता.

"आली का पाटीबाई," तो म्हणाला. आठवडाभरात पहिल्यांदा तो आपणहून तिच्याशी बोलत होता. "बघ. हीच ना?"

"बाबा, कुठून आणली?"

"कपारीतून. दोर बांधून उतरलो. दोनदा घसरलो, पण एकही मोडू दिली नाही."

"किती आणलीत?"

"सगळी. मागे एकही ठेवली नाही. तूच म्हणालीस ना, लोक उपटून नेतात. इथे आपल्या डोळ्यांसमोर राहील."

ती खाली बसली. बोटानं माती उकरून बघितली. काळीभोर, भुसभुशीत, शेणखताचा वास येणारी माती होती. "हिच्या मुळाशी माती होती, ती?"

"ती घाण होती गं. पांढरी बुरशी लागली होती सगळ्या मुळांना, जाळ्यासारखी. पाणवठ्यावर बसून एकेक मूळ धुतलं, पार स्वच्छ केलं. मग इथे खत घालून लावली." त्यानं पाटीकडे बोट केलं. "वाचून लावलीय. सावली लिहिलीय, सावली दिली. ओल लिहिलीय, रात्रीपासून पाणी घालतोय. तुझ्या पाटीत आहे तसंच केलंय सगळं."

पाटीत होतं तसंच त्यानं केलं होतं. पाटीत बुरशी नव्हती. ही बुरशीच बगळीला जेवू घालते, ती नसली तर बगळी आठ-पंधरा दिवसांत मरून जाते, हे वाक्य तिनं लिहिलं होतं आणि चाळीस शब्दांत बसेना म्हणून स्वतःच्या हातानं खोडलं होतं. खोडताना तिला बरंही वाटलं होतं, पाटी किती सुटसुटीत झाली म्हणून.

आता धावत जावं आणि कपारीतली माती आणावी, असं तिच्या मनात आलं. पण माती पाण्यानं वाहून गेली होती, कपार खणून रिकामी झाली होती, आणि मुळं बुरशीविना रात्रभर शेणखतात राहिली होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिला बापाचा भयंकर राग आला, आणि त्याच्या सोललेल्या हातांकडे बघून तो राग धरताही येईना. असा राग फार वाईट. तो गिळला तरी घशाखाली उतरत नाही.

"बोल की," मुकादम म्हणाला. "चुकलं का काही?"

तेवढ्यात लोक आले. पुढे पाहुणे, त्यांच्याबरोबर साहेब, मागे शाळेची पोरं, आया, टोळीतली माणसं, आणि सगळ्यांच्या मागे नवी साडी नेसलेली तिची आई. आईनं आधी नवऱ्याच्या हातांकडे बघितलं, मग लेकीच्या तोंडाकडे. लाल-पिवळ्या फुलांपाशी कुणी थांबलं नव्हतं. इथे मात्र सगळे थांबले. पुढची पोरं आपोआप उकिडवी बसली. एकानं हात पुढे केला, तर दुसऱ्यानंच तो मागे ओढला. कुणी मोठ्यानं बोलेना. तिला हवं होतं अगदी तसंच सगळं झालं.

"वा!" पाहुणे हळूच म्हणाले. "हे कुणाचं काम?"

"आमचे मुकादम," साहेब म्हणाले आणि त्यांनी मुकादमाच्या खांद्यावर हात ठेवला. "यांच्या हाताला गुण आहे. पुढची वाटही हेच करणार."

मुकादम उभा राहिला. सुजलेला पाय त्यानं जमिनीवर नीट टेकवला, दुखत असेल तरी. लोकांकडे त्यानं बघितलंच नाही. तो लेकीकडे बघत होता.

पोराचा हात धरून उभ्या असलेल्या एका बाईनं पाटी वाचली, मग पाटीबाईला विचारलं, "तुम्हीच ना इथली माहिती सांगणाऱ्या? हे फूल या जंगलात आणखी कुठे बघायला मिळतं?"

सगळे तिच्याकडे वळले. खरं सांगायचं असं तिनं ठरवलं होतं आणि तिनं खरंच सांगितलं.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "एवढीच आहेत."

लोकांत कौतुकाची कुजबुज झाली. मुकादमाची छाती फुगली. त्यानं तांब्या उचलला, वाकून एकेका रोपाच्या बुडाशी जपून पाणी घातलं आणि मान वर करून विचारलं, "आणखी घालू का गं?"

"घाला, बाबा," ती म्हणाली.